देव पटत नाही, तरी माळ घालू का?

प्रश्न: ताई, माझं गाव खानापूर तालुक्यात, काम बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत. वडील माळकरी होते, गेल्या वर्षी वारले. आता मी माळ घालावी, पारायणाला बसावं असं आई म्हणते. भजनात मी पखवाज वाजवतो, आवडतंही. पण देव आहे असं मनातून वाटत नाही. माळ घातली तर ते ढोंग होईल का?

उत्तर: भाऊ, तुमच्या गावचे जुने माळकरी तुम्हाला काय विचारतील? एकादशी धरणार का, मांस-दारू सुटेल का, पंढरीची वारी होईल का. देवाच्या असण्याबद्दल तुमचं मत काय, हे बहुधा कोणी विचारणार नाही.

सगळीकडे असं नसतं. इ.स. ३२५ मध्ये निकेयाच्या ख्रिस्ती धर्मसभेनं जो श्रद्धेचा मसुदा ठरवला, त्याची सुरुवातच ‘आम्ही विश्वास ठेवतो’ अशी आहे. इस्लाममध्ये कलम्याची, म्हणजे अल्लाशिवाय दुसरा देव नाही ही, साक्ष आधी. तिथं तुमची अडचण मोठी झाली असती. आपल्याकडे यज्ञाचा एवढा आग्रह धरणाऱ्या मीमांसकांनाही, म्हणजे वेदांतल्या कर्माचा अर्थ लावणाऱ्या जुन्या पंडितांनाही, जगाचा कर्ता ईश्वर लागला नाही. आणि तुकोबांनी तर ‘माझे लेखी देव मेला’ असं विठ्ठलाला सुनावलं. तो भक्ताचा राग होता म्हणा, तुमच्या बाजूचा पुरावा म्हणून तो धरू नका.

भावाशिवाय भक्ती पोकळ, हेही संतांनीच सांगितलंय, ते मी लपवत नाही. पण पखवाजावर थाप पडल्यावर तुम्हाला जे होतं ते कुठल्या खात्यात मांडायचं, तुम्हीच बघा.

मला काळजी वेगळीच आहे. गावात लक्ष्मीची जत्रा भरली, पै-पाहुण्यांसाठी घरोघरी मटण शिजलं, की तुम्ही पिठलं-भातावर राहाल? ढोंग झालं तर तिथं होईल. त्यामुळं यंदाच्या पारायणाला नुसता पखवाज घेऊन बसा. वर्षभर एकादशी धरून बघा. जमलं तर पुढच्या आषाढीला पंढरपुरात माळ घाला, नाहीतर राहू द्या. कोणी कीर्तनाला उभं राहा म्हणालं तर मात्र सरळ नको म्हणा.

आईपुढं देव आहे की नाही याचा वाद काढू नका. ‘नेम पाळायला जमतोय का बघतो, मग घालतो’ एवढंच सांगा. माळकऱ्याच्या घरात आयुष्य गेलंय त्यांचं, नेम किती जड असतो ते त्यांना ठाऊक आहे.