ग्लिसरीन, आम्ल आणि हरवलेलं झाकण

क्रीमसाठी ५० ग्रॅम ग्लिसरीन हवं, पण हाताशी फक्त मेजरिंग सिलिंडर. विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड तो आकडा) १.२५. भागायचं की गुणायचं, यात परीक्षेत हमखास गोंधळते. (बी. फार्म. विद्यार्थिनी, लोकमान्य नगर, इंदूर)

सूत्र राहू दे, आधी द्रव पाण्याहून जड की हलका ते बघ. जड द्रव जागा कमी घेणार, म्हणजे उत्तर ५० च्या खालीच यायला हवं. ५० भागिले १.२५, म्हणजे ४० मिली. ६२.५ आलं तर गुणाकार झालाय. प्रत्यक्ष कामात मात्र ग्लिसरीन तोलूनच घे. सिलिंडरच्या काचेला ते इतकं चिकटतं की निथळायची वाट बघत तास संपतो.

हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीवर ३७ टक्के लिहिलंय. १०० मिलीत ३७ ग्रॅम धरले, तर सरांनी काट मारली. (डी. फार्म. विद्यार्थी, सुदामा नगर)

सरांचं बरोबर आहे. ते ३७ ग्रॅम १०० ग्रॅम आम्लात आहेत, १०० मिलीत नव्हे. विशिष्ट गुरुत्व १.१८ असल्याने १०० मिलीचं वजन ११८ ग्रॅम भरतं आणि त्यात एचसीएल (हायड्रोजन क्लोराइड) सुमारे ४३.७ ग्रॅम असतं. आता ५०० मिली १० टक्के (वजन/आकारमान, म्हणजे १०० मिलीत १० ग्रॅम) द्रावणाला ५० ग्रॅम लागतात, म्हणजे साधारण ११४.५ मिली आम्ल. तुझ्या हिशेबाने १३५ मिली पडलं असतं, जवळपास अठरा टक्के जास्त! आणि ओतताना पाण्यात आम्ल, उलटं कधीच नाही.

नातवाच्या औषधाचं मापाचं झाकण हरवलं. किचनच्या वजनकाट्यावर ५ ग्रॅम सिरप तोलून दिलं तर चालेल का? (एक आजी, राजवाडा परिसर)

नको, आजी. साखरेचं सिरप पाण्याहून बरंच जड. निव्वळ साखरपाकाचं विशिष्ट गुरुत्व १.३१ च्या आसपास, त्याचे ५ ग्रॅम म्हणजे जेमतेम ३.८ मिली. डोस कमी पडेल. औषधी सिरपांचा आकडा प्रत्येकाचा निराळा, त्यामुळे घरी हिशेब मांडण्यातही अर्थ नाही. बाटलीवर मात्रा दर ५ मिलीला अमुक मिलिग्रॅम अशी असते, तेव्हा मिलीतच मोजा. सुईविना सिरिंज कोणत्याही मेडिकलवर मिळते. चहाचा चमचाही नको.

मे महिन्यात लॅबमध्ये ४० अंश असतात. पुस्तकातला २५ अंशांचा विशिष्ट गुरुत्वाचा आकडा चालेल? (प्रयोगशाळा सहायक)

पाणीदार द्रावणांना बहुधा चालतो. अल्कोहोलला नाही, ते पंधरा अंशांत दीड टक्क्याहून जास्त फुगतं. ते तोलून घ्या.