ताई आहे ना, ती बघेल

प्रश्न : मी ४७ वर्षांची आहे, नाशिकला असते, नोकरी करते. माहेरी तिघांत मी मोठी म्हणून ताई, आणि आता चुलत मावस ऑफिसातले सोसायटीतले सगळेच ताई म्हणतात. कोणाचं काही अडलं की पहिला फोन मला. दिराची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा तीन रात्री हॉस्पिटलात मी होते, मेडिक्लेमचं कॅशलेस अडकलं तर काउंटरवर भांडायलाही मीच. धाकट्या बहिणीचं नवऱ्याशी बिनसलंय, दोन वर्षं झाली रोज रात्री साडेनऊला तिचा फोन, कधी पाऊण तास कधी दीड तास, ती रडते मी ऐकते. आईच्या डोळ्यांच्या तारखा, गोळ्या, पेन्शनचा हयातीचा दाखला सगळं माझ्याकडे. भावाच्या घरचा गणपती, पण गुरुजी सांगण्यापासून मोदकांच्या ऑर्डरपर्यंत माझ्याच डोक्यात. मी हिशोब ठेवणाऱ्यातली नाही, पण आता सांगतेच.

जानेवारीत माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, खडे होते, दुर्बिणीचंच. फॅमिली ग्रुपवर २३ जणांनी हात जोडलेले आणि फुलं टाकली, आलं कोणी नाही. मीच म्हटलं होतं तसं, की छोटंसंच आहे येऊ नका उगाच धावपळ, पण म्हणून खरंच कोणी येऊ नये? बहिणीचा चौथ्या दिवशी फोन आला, वाटलं तब्येत विचारेल, तर "ताई बरी आहेस ना, ऐक ना काल काय झालं" म्हणून सुरू. मी ऐकलं, टाके दुखत होते तरी ऐकलं.

नवरा म्हणतो कोणी सांगितल्यात लष्कराच्या भाकऱ्या भाजायला. नणंदेची मुलगी पुण्यात शिकते ती म्हणते मामी, ह्याला इमोशनल लेबर म्हणतात, म्हणजे भावना सांभाळायचे कष्ट. नाव काही असो, मला सगळ्यांचा राग येतो आणि राग आला की अपराधी पण वाटतं. मी वाईट होत चाललीये का?
— सगळ्यांची ताई

उत्तर : मी तुम्हाला ताई म्हणणार नाही, म्हणणारे आधीच खूप झालेत.

वाईटबिईट काही नाही हो, तुम्ही दमल्यात. आणि तुमच्या नणंदेच्या मुलीचं बरोबर आहे, फक्त त्या शब्दाची गंमत अशी की तो मुळात पगारी कामाचा आहे. आर्ली हॉकशील्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाई आहेत, त्यांनी १९८३ च्या त्यांच्या पुस्तकात विमानातल्या हवाई सुंदरींच्या कामाबद्दल लिहिलं, की प्रवासी कितीही खेकसला तरी चेहऱ्यावर हसू ठेवायचं हाही नोकरीचाच भाग, त्याचाच पगार मिळतो. पुढे लोकांनी तो शब्द घरात आणला. पण हवाई सुंदरीचं विमान कधीतरी उतरतं आणि ड्युटी संपते, तुमचं साडेनऊचं विमान दोन वर्षं हवेतच आहे.

आणि हे काम कोणाला दिसत नाही ही तुमची तक्रार अगदी खरी आहे. सरकारने २०२४ मध्ये लोकांचा दिवस कसा जातो त्याची पाहणी केली, त्यात घरकाम करणाऱ्या बायकांचा बिनपगारी घरकामाचा वेळ दिवसाला सरासरी २८९ मिनिटं आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं निघाला. भांडी मोजली, स्वयंपाक मोजला, ते मोजायलाच हवं. पण बहिणीचं रडणं ऐकलं तो दीड तास कुठे लिहिणार? बहुतेक गप्पांच्या खात्यात जाईल. आणि भाजी परतताना डोक्यात चाललेलं "आईची तारीख मंगळवारी की बुधवारी" हे तर कुठेच नाही.

आता थोडं टोचणारं बोलते, रागावू नका. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही घाईघाईत टाकून पुढे गेलात, "मीच म्हटलं होतं येऊ नका". आपल्याकडे ही एक भाषाच आहे, नको नको म्हणायचं आणि समोरच्याने आग्रह करावा असं वाटायचं, जेवायला वाढताना ती चालते, पोटावर चार भोकं पाडलेली असताना नाही चालत. तुम्ही वीस-पंचवीस वर्षं लोकांना शिकवलंत की ताईला काही लागत नाही. ते शिकले. त्यातले काही आपमतलबी असतील, गरज सरो वैद्य मरो वाले सगळ्यांच्याच घरात असतात, पण २३ च्या २३ तसे नसतील, काहींना खरंच वाटलं असेल की ताई म्हणाली छोटंसं म्हणजे छोटंसंच. माझी आई अशीच होती, तापात पण "काही नाही गं" म्हणायची आणि मग आठवडाभर आमच्यावर फुगून बसायची, आम्हाला कळायचंच नाही आमचं चुकलं काय.

आणि "मी हिशोब ठेवत नाही" म्हणता तर अँजिओप्लास्टीच्या रात्री मोजलेल्या आहेत की हो! ठेवा हिशोब, त्यात लाज कसली, फक्त तो मनात ठेवलात की त्याचा राग होतो. तोंडाने सांगा.

बहिणीला सांगा की रोज नाही जमणार, बुधवारी आणि रविवारी बोलू, साडेनऊ ते दहा. ती दुखावेल, पहिले दोन आठवडे तर नक्की. पण दोन वर्षं रोज रडून तिचं काही हललेलं नाही म्हणजे तुमचा कान हा तिच्यासाठी पण उपाय नाहीये, तुमच्याशी बोलून रात्र निघते आणि सकाळी सगळं जागच्या जागी. तिला टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर द्या, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, तिथे ऐकायला शिकलेली माणसं असतात. नवऱ्याचं प्रकरण मारहाणीपर्यंत असेल तर मात्र बुधवार-रविवार विसरा, मग तो गप्पांचा विषयच नाही, तिला सोबत घेऊन पोलीस किंवा वकील गाठायचा.

भावाशी बोलताना "मदत कर" असं म्हणू नका बाई. आई त्याचीही आहे, मदत कसली? "मंगळवारी अकराला आईला डोळ्याच्या डॉक्टरकडे तू नेतोयस" एवढंच म्हणा आणि फाइल त्याच्या हातात द्या. तो फोन करून विचारेल कुठली गोळी, कुठला मजला, तर फाइलमध्ये आहे म्हणा.

ऑफिसात "आज नाही जमणार" म्हणा आणि कारण देऊ नका. कारण दिलं की लोक ते कारण सोडवायला बसतात, तुम्ही म्हणालात मुलांचं जेवण करायचंय तर ते म्हणतील मागवा ना बाहेरून.

गणपतीचं सगळ्यात अवघड आहे कारण तिथे (खरं सांगा हं) तुम्हालाही आवडतं की तुमच्यावाचून पान हलत नाही. हे आवडणं काही गुन्हा नाही. पण यंदा भावाला महिनाभर आधी सांगून टाका की गुरुजी आणि मोदक तू बघ, आणि मग खरंच बघू नका, आठवण पण करायची नाही. मोदक तळणीचे येतील, गुरुजी दुपारी दोनला उगवतील, तुम्हाला हाताला खाज सुटेल. बाप्पा काही बोलणार नाही.

सगळे बदलतील असं खोटं सांगत नाही. तुम्ही नाही म्हणायला लागलात की काहीजण फोनच बंद करतील, ते वाईट वाटेल, वाटू दे. काहीजण उलट विचारतील ताई काय झालं गं, ते कोण आहेत बघा, मला वाटतं दोन-तीन तरी निघतील आणि त्यातलं एखादं तुम्ही अजिबात धरलेलं नसेल.

आणि आता सर्जनकडे परत दाखवायला जायचं असेल तर एकट्या जाऊ नका. ग्रुपवर नाही टाकायचं, एकाच कोणाला तरी फोन करा, दिरालाच करा ना, तीन रात्री काढल्यात त्याच्यासाठी. "गुरुवारी माझ्याबरोबर यायचंय तुला" असं म्हणा, "वेळ असला तर" हे शब्द मात्र तोंडातून काढू नका.