शाखा नंतर ठरवू, आधी लिंक पाठवणं थांबवा

अकरावीतल्या मुलाला कृष्णविवरांपासून एआयपर्यंत सगळं माहीत आहे, ११ ऑनलाइन प्रमाणपत्रं आहेत, तरी भौतिकशास्त्रात १०० पैकी ३८ गुण का? पुढे कॉम्प्युटर घ्यावं की डेटा सायन्स? असं तुम्ही विचारलंय.

मला त्या ३८ गुणांपेक्षा पत्रातलं दुसरंच वाक्य खटकलं. तुम्ही त्याला रोज तीन व्हिडिओ पाठवता आणि रात्री ‘आज नवीन काय?’ म्हणून विचारता. म्हणजे कालच्या विषयाकडे परत वळायला त्याला ना वेळ मिळतो, ना तसं वळल्याचं कौतुक होतं. पाहुण्यांसमोर तो पाच मिनिटं बोलतो, सगळे वाहवा करतात, पण ‘असं का होतं?’ हा पुढचा प्रश्न कुणीच विचारत नाही. ही सवय त्याला घरातूनच लागली आहे, आणि ती मोडायची तर सुरुवात तुम्हालाच करावी लागेल.

‘बघताना त्याला सगळं समजतं’ असं तुम्ही लिहिता. बघताना समजणं आणि स्वतःला येणं यांत मोठं अंतर असतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. तुमचा मुलगा कायम त्या पहिल्या पाच मिनिटांत राहतोय.

कृष्णविवरं आवडतात ना? मग गुरुत्वाकर्षणाचा धडा घ्या. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, २० मिनिटांत त्याने लिहावं: पृथ्वीवरून मुक्तिवेग, म्हणजे तिच्या गुरुत्वाकर्षणातून सुटायला लागणारा वेग, सेकंदाला ११.२ किलोमीटर का येतो, आणि तो वस्तूच्या वस्तुमानावर का अवलंबून नसतो? बहुतेक मुलं स्थितिज ऊर्जेच्या ऋण चिन्हापाशी अडतात. अडेल तेवढाच भाग पुस्तकातून वाचायचा. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा कोरा कागद. पहिला कागद जवळजवळ रिकामा राहील. तेव्हा रागावू नका आणि उत्तर शोधून हातात देऊ नका.

जेईई असो वा सीईटी, भौतिकशास्त्र दोन्हीकडे आहे, आणि तुमच्या दोन्ही पर्यायांचा पाया गणितच आहे. प्रमाणपत्रांनी तिथे गुण वाढत नाहीत. नवा कोर्स घेऊ नका.

तीन महिने आठवड्याला एकच विषय ठेवा. मग ते कागद मला पाठवा, त्याच्याच अक्षरातले, खाडाखोडीसकट. शाखेचं तेव्हा बोलू, आणि त्या वेळी पत्र त्याने स्वतः लिहावं.