“मोठ्या भावाला झालं, मग मी सुटलो ना?”

अमळनेरकडचा तिशीतला एक शेतकरी बायकोसोबत जळगावला माझ्याकडे आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील हंटिंग्टन या आजाराने गेले; मेंदूचा हा आजार आईवडिलांकडून मुलांत येतो. आता मोठ्या भावाचे हात आपोआप उडायला लागले होते, चालताना झोक जायचा. गावाने आधी त्याला दारुडा ठरवलं, मग रक्त तपासल्यावर निदान झालं, हंटिंग्टन. खुर्चीत टेकतो न टेकतो तोच याचा प्रश्न, “मॅडम, भाऊले शे, मंग मी सुटनू ना?”

“निम्म्या मुलांना होतो” एवढं कानावर पडलं की माणसं दोन भावांत शेताचे हिस्से पाडावेत तशी वाटणी करून मोकळी होतात. जनुकाचं तसं नसतं. वडिलांकडे एचटीटी या जनुकाच्या दोन प्रती, एक बिघडलेली आणि एक धड. कोणती पुढे जाणार, हे दर मुलाच्या वेळी नव्याने ठरतं. भावाच्या वाट्याला काय आलं, त्याने याचा धोका वाढतही नाही आणि घटतही नाही. तो 50 टक्केच. तोंडवळा आईवर गेलाय, हाही दिलासा नव्हे.

मग तपासणी करून टाकायची का? या जनुकात ‘सीएजी’ या डीएनएच्या तीन अक्षरांची लागोपाठ पुनरावृत्ती किती, ते त्यात मोजतात. 40 किंवा जास्त निघाली, तर पुरेसं आयुष्य लाभल्यास आजार होतोच. 36 ते 39 असेल तर होईलही, कदाचित होणारही नाही. कोणत्या वर्षी सुरू होईल, हे मात्र आकडा सांगत नाही. आजार थांबवणारं औषध अजून नाही. हालचाली, चिडचिड, उदासी यांवर उपचार आहेत. म्हणून लक्षणं नसलेल्याला मी तपासणीची घाई करू देत नाही. काहींना न कळलेलंच बरं वाटतं, आणि तो त्यांचा हक्क आहे.

इतका वेळ गप्प असलेली बायको म्हणाली, “पोरीची करून टाका, उद्या लग्नात अडचण नको.” पोरगी सहा वर्षांची. मी स्पष्ट नाही म्हटलं. लक्षणं नसलेल्या लहान मुलांची ही तपासणी करत नाहीत. अठरा पूर्ण झाल्यावर तिचं ती ठरवेल. बापातच दोष नसेल तर त्याच्याकडून तो तिच्यात येणार नाही. दुसरं मूल हवं असेल, तर मात्र दिवस जाण्याआधी बोलायला या, असं सांगितलं.

कापूस वेचून झाला की कळवतो, म्हणाला. मी म्हटलं, तपासणी नको ठरलं तरी या. भावाला जेवताना ठसका लागतोय, त्याचं आधी बघायला हवं.