अध्यात्मात पुढे जायचं तर घरच्यांची आसक्ती कशी सोडावी?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून आधी त्यातलं नेमकं काय घेतोय ते सांगतो. वय 36, नोकरी, बायको, सहा वर्षांची मुलगी, गावाकडे आई. दोन वर्षं नामस्मरण आणि ध्यान चालू आहे, पण बसलं की मुलगीच डोळ्यांपुढे येते. एक गुरुबंधू म्हणाले, हीच बेडी, घरच्यांपासून मनाने लांब व्हा. म्हणून तुम्ही मुलीला रात्री झोपवायला जाणं बंद केलं, आईला रोजचा फोन बंद केला, आणि आता बायको तुमच्याशी धड बोलत नाही. अशी आसक्ती सुटते का, असं विचारलंय.

मी कुणी महाराज नाही. घराण्यात वारी आहे, गळ्यात माळ आहे आणि उभी नोकरी गावच्या विकास सोसायटीत सचिव म्हणून कर्जाच्या वह्या लिहिण्यात गेली. एवढ्याच शिदोरीवर सांगतो: नाही सुटत. घरातून उठवलीत तर दुसरीकडे जाऊन बसते.

हे बघायचं असेल तर वारीतला एक मुक्काम करा. आळंदी ते पंढरपूर साधारण 250 किलोमीटर. पेरण्या उरकून किंवा पोरांवर टाकून, दुकानाला कुलूप लावून माणसं निघतात. घर सुटलं, शेत सुटलं, तोंडात नाम. दिवे घाट चढून सासवडला पोचतात, राहुट्या लागतात आणि मग सुरू होतं: "ही जागा माझी. काल पुण्यातही मी खांबाजवळच होतो." पाऊस असला की मधल्या जागेला फार भाव, कारण कडेने पाणी शिरतं. दिवसभर एकमेकांच्या पाया पडलेले दोघं हातभर सतरंजीवरून असे भांडतात की बांधाच्या वादात ऐकावं. आणि ती राहुटी मुक्काम हलला की ट्रकमध्ये जाणार असते! तीच गत दिंडीच्या नंबराची. आमची दिंडी रथापुढची की रथामागची, नंबर कितवा, हे सांगताना भल्याभल्यांची मान ताठ होते. वीणा कुणाच्या गळ्यात द्यायची यावरून अबोला धरलेली माणसं मला माहीत आहेत.

मी हे चेष्टेने लिहीत नाहीये. त्यातल्या बऱ्याच जणांची भक्ती माझ्याहून कितीतरी खरी आहे. म्हणणं एवढंच की चीजवस्तू आणि नातेवाईक मागे ठेवले तरी 'माझं' म्हणणारा सोबतच चालत येतो. तुम्ही मुलीपासून लांब झालात. आता तुमचं ध्यान, तुमची बैठक, तुमची प्रगती. त्यात कुणी व्यत्यय आणला की राग येतो ना? तुम्हीच लिहिलंय, मुलगी दार वाजवते तेव्हा चिडचिड होते म्हणून. झालं तर मग. आसक्ती कुठे गेली हे तुमचं तुम्हालाच दिसतंय.

आता 'घर सोडल्याशिवाय अध्यात्म नाही' हे गृहीत धरण्याबद्दल. आपल्याकडचीच गोष्ट घ्या. ज्ञानोबांचे वडील विठ्ठलपंत. आपेगावचे, आळंदीच्या सिद्धोपंतांची मुलगी रुक्मिणी त्यांची बायको. वैराग्य इतकं तीव्र की मागे कुणी नाही असं सांगून काशीला संन्यास घेतला. पुढे गुरूंची आणि रुक्मिणीबाईंची गाठ पडली, सगळा प्रकार कळला, आणि गुरूंनीच त्यांना घरी परत पाठवलं. परतल्यावर समाजाने त्यांचे काय हाल केले, चार मुलांना काय भोगावं लागलं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याचा दोष समाजाचा. पण गुरूने काय केलं ते बघा. वैराग्य खरं असूनसुद्धा, दुसऱ्याला अंधारात ठेवून घेतलेला संन्यास त्यांनी चालवून घेतला नाही. नाथ महाराज तर पैठणला बायकोमुलांत राहिले. नामदेवांचंही तसंच, भरलेलं घर होतं.

पण तुमच्या प्रश्नाला सगळ्यात जवळचे तुकोबा. देहूत त्यांचं दुकान होतं, सावकारी होती. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली बायको रखमाबाई गेली, मुलगा गेला, धंदा बसला. त्यानंतर त्यांनी लोकांकडच्या येण्याची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, इंद्रायणीत सोडली, हे आपण लहानपणापासून ऐकतो. कीर्तनात मात्र एक तपशील पटकन उरकला जातो. धाकटा भाऊ कान्होबा होता. आधी खतांच्या दोन वाटण्या केल्या. कान्होबाची वाटणी त्याला दिली आणि आपली तेवढी पाण्यात सोडली.

आयुष्यभर येणं-देणं लिहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा तपशील फार मोठा वाटतो. वैराग्याच्या भरात सगळा गठ्ठा बुडवला असता तर कुणी काही म्हटलं नसतं, उलट जास्त वाहवा झाली असती. पण त्यातलं निम्मं भावाचं होतं, त्याच्या बायकोपोरांचं होतं. त्यागाला हात लावायच्या आधी तुकोबांनी हिशेब केला. आणि सोडलं काय, तर आपलं येणं. जे त्यांना लोकांकडून मिळायचं होतं, ते. त्यानंतरही संन्यास घेतला नाही; दुसरी बायको जिजाई होत्या, मुलं होती. जिजाईंच्या तोंडाळपणाच्या गोष्टी आपण चवीने सांगतो, पण त्या घरात चूल पेटवायचं काम कुणाच्या अंगावर होतं हे विचारत नाही.

आता याच मापाने तुमचं बघा. मुलीला झोपवणं हे तुमचं देणं आहे. आईचा फोन हेही देणंच. तुम्ही सोडलंत ते हे. येणं मात्र तसंच वहीत शिल्लक आहे: मुलीने वर्गात पहिलं यावं म्हणजे चारचौघांत मान राहील, आईने मोठ्या भावापेक्षा आपलं कौतुक करावं, बायकोने तुमच्या साधनेची किंमत ओळखावी. यातलं शेवटचं तर तुमच्या प्रश्नात तीनदा आलंय. सोडायचं असेल तर तिथे हात घाला. फार जड जाईल, कारण तिथेच जीव अडकलाय.

कसं, असं विचाराल. मी केलेलं आणि लोकांना करताना पाहिलेलं सांगतो. मुलीच्या शाळेचा निर्णय बायकोवर सोपवा आणि नंतर एकदाही 'मी म्हटलं होतं' म्हणू नका. देवळाला काही द्यायचं तर द्या, पण नाव घालू नका. आमच्या देवळात पंख्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदाराचं नाव आहे, पंखा बंद झाल्याशिवाय वाचता येत नाही, आणि त्या गृहस्थांना उकाड्यातही पंखा बंद करून नाव दाखवताना मी पाहिलंय. एकादशी करत असाल तर घरात कुणाला सांगू नका. साबुदाण्याची खिचडी कुणी आपणहून केली तर खा, नाही तर नाही. आईशी बोलताना आठवडाभर आपली एकही गोष्ट सांगू नका, नुसतं तिचं ऐका. ऐकायला सोपं वाटतं. दोन दिवसांत कळेल किती घशाशी येतं ते.

राहिला ध्यानात मुलगी दिसण्याचा प्रश्न. दिसू द्या. नाम चालू ठेवा. 'ती जेवली असेल का' असं आलं तर उठून बघा, परत येऊन बसा, त्यात साधनेचं काही बिघडत नाही. 'तिने माझं ऐकलंच पाहिजे' असं आलं तर मात्र उठू नका, तिथेच नाम जरा जोरात घ्या. दोन्हींत मुलगीच आहे, पण पहिल्यात तिची भूक आहे आणि दुसऱ्यात तुमचा हट्ट.

दोन वर्षांत मन स्थिर झालं नाही म्हणून घाबरू नका. आमच्या दिंडीत ऐंशीच्या पुढचे एक बाबा आहेत, त्यांना अजून घरच्या म्हशीची काळजी लागते, रोज मुक्कामाला पोचल्यावर फोन करून दूध किती निघालं विचारतात, आणि मग हरिपाठाला उभे राहतात. त्यांचा हरिपाठ ऐकून कुणी म्हणणार नाही की हा माणूस अडकलेला आहे.

आज रात्री मुलीला झोपवायला जा. बायकोशी बोला, आणि या दोन वर्षांत तुमच्या वाटणीचं किती काम तिच्या अंगावर गेलं ते तिच्याच तोंडून ऐकून घ्या, मध्ये न बोलता. आणि ते तुमचे गुरुबंधू, त्यांच्या घरी एकदा न सांगता जेवायच्या वेळेला जाऊन या. ताट कोण वाढतं आणि उचलतं कोण, तेवढं फक्त बघा.