मांजर सारखी कान खाजवते, आत काळा मळ दिसते, घरी काय टाकू?

घरी काहीच टाकू नका, तेल नाही न हळदही नाही, दोन-तीन दिवसांत तालुक्याच्या ढोरांच्या दवाखान्यात नेऊन दाखवा. दोन्ही कानांत कॉफीच्या भुकटीसारखा काळा मळ असला तर बहुतेक कानातले माइट्स, म्हणजे अगदी बारीक किडे, असतात, आमच्या मांजरीचं तेच निघालं, डॉक्टरांनी मळ काळ्या कागदावर झटकला तर बारीक पांढरे ठिपके सरकताना दिसले. औषध डॉक्टरच वजन पाहून देतील, अंड्यापासून किडा व्हायला साधारण 3 आठवडे लागतात म्हणून खाज थांबली तरी डोस पुरा करा, आणि घरातल्या सगळ्या मांजरांना, कुत्रा असला तर त्यालेही, सोबतच उपचार करा नाहीतर परत लागते. हात जोडून सांगतो, गोठ्यातलं गोचिडाचं औषध लावू नका, त्यात परमेथ्रिन असलं तर मांजरीच्या जिवावर बेतते. गाडीची सोय नसली तर 1962 वर फोन लावून पाहा, पशुवैद्यकीय फिरत्या पथकाचा नंबर आहे. फक्त पिवळा पू, घाण वास किंवा मान एकीकडे वाकडी असली तर ते वेगळं इन्फेक्शन असू शकते, मंग दोन दिवसही थांबू नका, त्याच दिवशी न्या.