बंदूक बिघडलेली नाही, टीव्ही बदललाय

वाचकांचे प्रश्न : जुने व्हिडिओ गेम

प्रश्न : माळ्यावरून कॅसेटवाला व्हिडिओ गेम काढला. मारिओ चालतो, पण बदकांच्या गेममध्ये बंदुकीने एकही बदक पडत नाही. टीव्ही एलईडी आहे. बंदूक दुरुस्त होईल का?

उत्तर : दुरुस्तीला देऊ नका, पैसे वाया जातील. ही बंदूक काही सोडत नाही, नुसती बघते. नळीत प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. चाप ओढला की पडदा एका फ्रेमपुरता (म्हणजे एका चित्रापुरता) पूर्ण काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. आधी काळोख, मग उजेड दिसला तरच नेम लागला असं गेम धरतो. (काळोखाची अट नसती तर पोरांनी बल्बकडे बंदूक रोखून सगळी बदकं पाडली असती!) एलईडी टीव्ही आलेलं चित्र आधी साठवतो, मोठं करतो आणि मग दाखवतो. तोवर गेमने निकाल लावलेला असतो. शिवाय मूळ बंदुकीतलं सर्किट डबा टीव्हीच्या प्रकाशासाठीच जुळवलेलं आहे. तो टीव्ही सेकंदाला १५ हजारांवर रेघा ओढतो आणि ती लुकलुक एलईडीत नसते. टीव्हीचा 'गेम मोड' लावलात तर मारिओची उडी वेळेवर लागेल, पण बदकं वाचतीलच.

उपाय म्हणजे १४ किंवा २१ इंची डबा टीव्ही. जुन्या सामानाच्या दुकानात शोधा, पण '१०० हर्ट्झ' लिहिलेला घेऊ नका, कारण तोही चित्र साठवूनच दाखवतो. ब्राइटनेस वाढवून पाहा. मागचं झाकण मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार उरलेला असू शकतो.

प्रश्न : लहानपणी सहज पार केलेला मारिओ आता मोबाइलवर फार पळतो आणि मी खड्ड्यात पडतो. वय झालं म्हणायचं का?

उत्तर : वयाला इतक्यात दोष देऊ नका. १९८३ मध्ये जपानात आलेलं निन्टेंडोचं मूळ यंत्र सेकंदाला ६० फ्रेम दाखवायचं. आपला तेव्हाचा टीव्ही पाल (PAL) या प्रसारण पद्धतीचा, म्हणजे सेकंदाला ५० चा. इथे विकली गेलेली नकली यंत्रं बहुतेक ५० वरच चालायची आणि मारिओ सगळा हिशोब फ्रेमवर करतो. तुमच्या आठवणीतला मारिओच संथ होता. मोबाइलवरचा त्याच्यापेक्षा २० टक्के जोरात धावतो.

खात्री करायची तर पहिल्या लेव्हलला जागचे हलू नका आणि घड्याळ लावा. गेममधला वेळेचा आकडा २४ फ्रेमला एकाने उतरतो. ४०० चे ३०० व्हायला ४० सेकंद लागले तर वेग ६० चा, ४८ लागले तर ५० चा. काही एम्युलेटरमध्ये (मोबाइलवर जुने गेम चालवणाऱ्या अ‍ॅपमध्ये) 'रीजन'खाली 'डेंडी' असा पर्याय असतो. डेंडी हे रशियात खपलेलं असंच नकली यंत्र. जुना वेग हवा तर तो पर्याय निवडा. 'पाल' निवडलात तर वेग उतरेल, पण गाण्याचा सूरही थोडा खाली जाईल. काचेवरच्या बटणांनी खेळत असाल तर आधी यूएसबी रिमोट घ्या. पळायला बी दाबून ठेवून उडीसाठी ए मारणं काचेवर जमत नाही.

प्रश्न : कॅसेट फुंकल्यावर चालते. हे बरोबर आहे का?

उत्तर : चालते ती काढून पुन्हा घातल्यामुळे. फुंकरीतली ओल पिनांना गंज आणते. इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये (९० टक्क्यांच्या पुढचं) बुडवून सोनेरी पट्ट्या वरून खाली पुसा, ५ मिनिटं वाळू द्या. काळे डाग राहिले तर पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा आणि चुरा झटका. तरीही पडद्यावर भलतीच अक्षरं आली तर यंत्राच्या खाचेतल्या पिना सैल झाल्या असतील. अ‍ॅडॉप्टर नवा आणणार असाल तर जुन्यावरचे व्होल्ट आणि प्लस-मायनसची खूण आधी बघा. उलटा लागला तर यंत्र जळू शकतं.

प्रश्न : 'लाखो गेम'वाल्या कॅसेटमधलं आज मुलांना काय दाखवावं?

उत्तर : त्या लाखांत खरे गेम मोजकेच, बाकी तेच गेम वेगळ्या लेव्हलपासून सुरू होतात. टँकचा गेम (बॅटल सिटी, १९८५) द्या, दोघांना एकत्र. ३५ नकाशे आहेत, आणि 'कन्स्ट्रक्शन'मध्ये मुलं स्वतः विटा रचून नकाशा करतात. कॉन्ट्राही दोघांनीच खेळावा. रोड फायटर मात्र दहा मिनिटांत कंटाळवाणा होतो. तेव्हाही तो आम्हाला फार ग्रेट वाटत नव्हता.